वरातीची धून

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या एका कॅफेत रविवारी दुपारी आयरिश आणि स्कॉटिश लोकधुनांची मैफल जमते. सोनल तिथं फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवते. या रविवारी तिनं भंडाऱ्याहून आलेल्या कांतामावशीलाही नेलं. मावशीनं पर्समधून बासरी काढली आणि वडिलांच्या बँडनं इंग्रजांच्या काळात गोऱ्या पलटणीकडून उचललेली वरातीची धून वाजवली.

“ही तर आमच्या आयर्लंडची!” मैफलीतला पॅट्रिक ओरडला.

“छे, स्कॉटलंडची! माझी आजी गुणगुणायची,” फियोना म्हणाली.

दोघांची चांगलीच जुंपली. सोनलनं ते मावशीला मराठीत सांगितलं.

“सांग त्यांना, भंडाऱ्याची आहे. आणि वरातीत बसतात का कुणी? उठा म्हणावं!”

सोनलनं सांगताच सगळे उठले. मावशीनं पुन्हा बासरी ओठांना लावली. धून अशी सुसाट सुटली की टेबलं हादरली. पॅट्रिक आणि फियोना हातात हात घालून गरगर फिरू लागले. मावशीला इतकं हसू आलं की बासरीत फुंकच मारता येईना.