गुलाबी चादरी

सरकारनं किमान वेतन वाढवलं आणि आमच्या लॉन्ड्रीच्या मालकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. दहा वर्षं आम्हाला एकाच पगारावर राबवताना या माणसाला कधी घाम फुटला नव्हता. आता छातीवर हात ठेवून सांगत सुटले की धंदा बुडणार, एक बाई तरी कमी करावी लागणार. समोरच्या लॉन्ड्रीतही तोच पगार वाढला होता. तिथली सगळी माणसं कामावर होती.

कोणाला काढायचं हे ठरवायला मालकांनी मेहुण्याला आणलं. हातात घड्याळ घेऊन तो दिवसभर आमच्या पाठीमागे उभा, म्हणून आम्ही त्याचं नावच घड्याळ ठेवलं. इस्त्रीला मी होते. मळके कपडे निवडायला माझी धाकटी नणंद. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, पण कमावती, त्यामुळे घरात ताठ मानेनं राहायची. आमचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या हॉटेलचं कुठलंही नवं रंगीत कापड आलं की ती त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर घासायची. रंग उतरला तर ते कापड वेगळं धुवायचं. घड्याळाला यात नुसता वेळखाऊपणा दिसला. या घासाघाशीची खरंच गरज आहे का, असं त्यानं मशीनवाल्यादेखत मला विचारलं.

गरज आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ती राहिली तर मी जाणार, हेही ठाऊक होतं. मला इस्त्रीतलं कळतं, बाकीचं तुम्ही बघा, असं म्हणून मी मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी नणंद घरी बसली.

आठवड्याभरात हॉटेलचे नवे कोरे लाल नॅपकिन आले. घड्याळानं वेळ वाचवला, म्हणजे ते चादरींबरोबरच मशीनमध्ये कोंबले. चाळीस चादरी गुलाबी निघाल्या. हॉटेलनं काम काढून घेतलं, मेहुण्यानं पायाला पाय लावून पळ काढला आणि मालक सरकारला शिव्या घालत बसले.

मग व्यापाऱ्यांनी वाढ मागे घ्या म्हणून अर्ज केला. त्याला जोडायचा एक कागद मालकांनी माझ्या हाती दिला. पगारवाढीमुळे आमच्याकडच्या एका बाईची नोकरी गेली, असं त्यात लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून सही केलीस तर चार तासांचं काम तुला ठेवतो, म्हणाले.

कागद मी घरी आणला. नणंदेनं हात पुसून तो वाचला.

"माझी नोकरी पगारानं नाही गेली, वहिनी. घड्याळानं तुम्हाला विचारलं होतं. मशीनवाल्यानं सांगितलं मला."

माझी मलाच किळस आली. तरी मी तिच्यासमोर सही केली.

आता मी रोज चार तास इस्त्री करते, नव्या दरानं. घरात काही हवं असलं की नणंद मला "अहो" म्हणते. वहिनी म्हणत नाही.