एमोनला हाक मारायची राहिली

लगुना प्रांतातल्या कारखान्यांमागच्या वस्तीत सिदोन्या पोरं सांभाळायची. सगळ्या आया तिला अते म्हणत, म्हणजे ताई. आयांची कारखान्यातली पाळी कधी लागेल आणि कधी सुटेल हे सुपरवायझरलाही धड ठाऊक नसायचं, तिथं पोरांना कोण विचारतो? पण अतेचा एक नियम होता. पोर उचललं की आईनं उंबऱ्यातून त्याचं नाव घेऊन म्हणायचं, "चल रे, घरी चल." नाहीतर देह घरी जातो आणि जीव मागं राहतो. त्या वस्तीत हे शेंबडं पोरही जाणतं.

मरिविकचा एमोन अतेचा फार लाडका. अतेला स्वतःचं मूल नव्हतं. "माय मरो पण मावशी जगो, असं झालंय कार्ट्याचं," मरिविक हसत म्हणायची. हसताना तिचा चेहरा उतरायचा.

एक दिवस पाळी अचानक बदलली. मरिविक दुपारीच धावत आली, झोपलेल्या एमोनला खांद्यावर टाकलं आणि जीपनी, म्हणजे वडापची गाडी, गाठायला पळाली. अते मागं दुसऱ्या पोराला आंघोळ घालत होती. हाक मारायची राहून गेली.

पोरं गेल्यावर अते चटई गुंडाळायला वाकली, तर एका कडेला ती अजून उबदार होती. पेजेच्या भांड्यावर चमचा वाजला. एमोन वाजवायचा, तस्साच. अतेच्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलायचं, तिला बरंही वाटलं. मरिविकला तिनं निरोप धाडला नाही. उलट वाटीभर पेज चटईपाशी ठेवली.

पुढं मरिविकच पोराला घेऊन आली. एमोन तिच्या कुशीत डोळे उघडे टाकून पडला होता. रडत नव्हता, खात नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. अते, मी त्याला हाक मारली नव्हती गं!"

"मग आता मार की! माझं तोंड काय बघतेस?"

मरिविक उंबऱ्यात उभी राहिली. "एमोन, चल बाळा, घरी चल."

आतून इवली पावलं वाजली. दोघींनीही ऐकली. पावलं दाराकडं निघाली आणि अतेपाशी थांबली. एका गार मुठीनं तिचा झगा घट्ट धरला.

"येत का नाही गं तो?" हाका मारून मारून मरिविकचा आवाज बसला.

अतेला कळलं होतं. घरी चल म्हटल्यावर पोर आपल्या घरीच, म्हणजे तिच्यापाशी, आलं होतं. क्षणभर वाटलं, गप्प राहावं. पण मरिविकच्या कुशीतलं पोर पांढरं पडत चाललं होतं.

"नीघ!" अतेनं हात उगारला. आजवर तिनं कुठल्याच पोरावर उगारला नव्हता. "हे तुझं घर नाही. मी तुझी कुणी नाही. चालता हो!"

मूठ सुटली. एमोननं टाहो फोडला आणि आईच्या गळ्याला मिठी मारली. अते त्याचे डोळे पुसायला गेली, तर किंचाळून त्यानं तोंड लपवलं.

मरिविकनं त्याला पलीकडच्या गल्लीतल्या बाईकडं ठेवलं. "राग मानू नकोस, अते," ती सांगायला आली. "तुझं दार दिसलं की हातपाय झाडतो गं."

"बरं केलंस," अते म्हणाली. "त्याला माझी भीती वाटलेलीच बरी."