इरल्याखालची हाक

मला ओळखलंत का? भरपावसात वाकून भाताची लावणी करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून पाठीवर पडतं ना, ते इरलं मी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत चांगूने बांबूच्या कामट्या विणल्या, मध्ये पळसाची पानं दाबली आणि माझा जन्म झाला. रंगूबाईने मला डोक्यावर घालून बघितलं. जरा जड हाय, पण चालंल, म्हणाली. झालं, तेव्हापासून मी तिच्या घरचं.

इरल्याखाली शिरलं की माणसाला वाटतं, आता आपल्याला कुणी बघत नाही. मग तोंड आपोआप चालू होतं. कुणी देवाशी भांडतं, कुणी नवऱ्याला बोल लावतं. रंगूबाई अंगाई गुणगुणायची, दरवर्षी तीच. आवडी नावाच्या तिच्या सुनेने एकदा विचारलं, तर म्हणाली, मी कुठं गाते? ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

आवडी आईवेगळी पोर. नवरा सहदेव मुंबईला गिरणीत, त्यामुळे घरात सासू-सून दोघीच. रंगूबाई करवादायची, पण दुधावरची साय सुनेच्याच ताटात पडायची.

त्या साली ऐन लावणीत मुंबईहून वाडीतलाच भिकू आला. सहदेवचा निरोप होता : खोली मिळाली आहे, लावणी आटपली की आवडीला पाठवून दे. रंगूबाईने वाडीभर सांगितलं, बरं झालं, माझ्यामागची कटकट गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून तिला सुनेचं काही म्हणता काही पटेना. रोपांच्या मुठी जाड, ओळ वाकडी, भाकरी करपलेली. आवडी मुकाट ऐकून घ्यायची.

एका सकाळी मात्र तिने हातातली मूठ चिखलात टाकली.

"तुमाला मी एवढी नकोशी झाले तर आजच जाते. भिकूभावजींच्या संगती."

ती बांधावरून चालू लागली. रंगूबाई ताठ उभी राहिली. मला वाटलं, आता शिवी येणार. ती सुनेलाच हाक मारायला गेली, पण तोंडातून भलतंच निघालं.

"चंद्रे, नको जाऊ गो!"

शेतातले सगळे हात थांबले. आवडी परत आली. तिने हळूच विचारलं, चंद्री कोण?

"कुणी नाय," रंगूबाई म्हणाली. मग ती बांधावर बसली.

"माजी लेक. चंद्रभागा. सहदेवच्या आधीची. तापानं गेली. तवापासून तिचं नाव माज्या तोंडात आलं नव्हतं." तिने आवडीकडे बघितलं. "मी तुज्यावर चिडले नाय गो, आवडे. तू पण चाललीस, म्हणून आत काय तरी पेटलं होतं. कशानं, ते माजं मलाच कळंना."

आवडीने स्वतःचं इरलं बाजूला ठेवलं आणि माझ्याखाली डोकं घातलं. मी एका माणसाच्या मापाचं. दोघींच्या पाठी भिजल्या. पण बाहेर यायची घाई कुणालाच नव्हती.

लावणी आटपली, नारळी पुनवेनंतर बोटी सुरू झाल्या आणि आवडी मुंबईला गेली. दासगावच्या बंदरात बोटीपर्यंत तिला पोचवायला रंगूबाईच गेली. पुढच्या पावसाळ्यात रंगूबाई ती अंगाई मोठ्याने म्हणू लागली, सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी. कुणाचं गाणं, असं शेजारच्या राहीबाईने विचारलं, तेव्हा ती सरळ म्हणाली, "माज्या चंद्रीचं."

आता मी जुनं. पानं झडली, कामट्या उसवल्या. पण रंगूबाईने मला चुलीत घातलं नाही. घारीची नजर पडू नये म्हणून ती मला पडवीत कोंबडीच्या पिलांवर पालथं घालते. बाहेरून बघाल तर नुसतं मोडकं इरलं दिसेल. तुम्हीही मनात कुणाला तरी असं झाकून ठेवलं असेल, आणि मग विसरूनही गेला असाल. बाबांनो, कधी तरी हळूच उचलून बघा. खाली जिवंत असतं ते.