थांबलेलं बोट

गळ्याच्या हाडाखाली चाचपत आलेलं बोट एका जागी थांबलं. जरासं मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं, दाबलं आणि तसंच राहिलं.

तिने डोळे उघडले. सुईवाल्यांची नजर आपल्याच बोटाच्या टोकावर खिळली होती. कपाळावर बारीक आठी. मग त्यांनी बोट उचललं, थोडं खाली सरकून सुई लावली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "आता हलू नका. शांत पडून राहा."

यापलीकडे ते काही बोलणार नव्हते. या कामाची रीतच तशी होती. छातीच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायकांचे मागे उरलेले त्रास, म्हणजे अंगातून निघणाऱ्या वाफा, उडालेली झोप, बधिर बोटं, हे सुयांनी कमी होतात का, ते नर्सबाईंचा एक गट तपासत होता. काहींना खऱ्या सुया, काहींना नुसता देखावा. कोणाला काय, ते फक्त सुई लावणाऱ्याला ठाऊक; म्हणून त्याने ठरलेल्या वाक्यांखेरीज चकार शब्द काढायचा नाही. तिने त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं.

"प्रसन्न झाले का गं तुझे मौनीबाबा?" जाऊबाई दर खेपेला विचारायच्या. "आपल्याला तर बाई फुकट टोचतो म्हटलं तरी नको. तुझी हौसच दांडगी!"

आज ते आठवूनही हसू आलं नाही. पडदा ओढून मौनीबाबा बाहेर गेले.

बोट थांबलं होतं, आणि तेही चांगल्या बाजूला. एक बाजू कापून दिली होती, ही उरलेली. पहिल्या वेळीही असंच झालं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई हवापाण्याचं बोलत होत्या. बोलता बोलता त्यांचं बोट थांबलं, मग बोलणं थांबलं. आज तर थांबायला बोलणंही नव्हतं.

उजव्या हाताला सुया होत्या. डावा, ऑपरेशनच्या बाजूचा, मोकळा. त्याला सुई लावायची नाही असा दंडकच होता. तो तिने हळूच वर आणला आणि ती जागा चाचपली. लागलं काही? की नाही? औषधांनी तिच्या बोटांची टोकं कधीच मारून टाकली होती. बटणं लावताना आरशात बघावं लागे. त्या बोटांना हाड काय नि गाठ काय, सारखंच. घरी कोणाला सांगायचं, हे ती मनात ठरवू लागली. नवऱ्याला इतक्यात नको. मागच्या वेळी तो बिचारा न्हाणीघरातला नळ दुरुस्त करत बसला होता, नळ चांगला असताना.

मौनीबाबा परत आले आणि सुया काढू लागले. मनगटावरची सुई त्यांच्या चिमटीतून निसटून चादरीवर पडली. ते चादर चाचपू लागले. सुई तिला दिसत होती, अगदी त्यांच्या बोटाखाली. बोट सुईवरून गेलं, परत आलं, पुन्हा पुढे गेलं. शेवटी त्यांनी वाकून डोळे बारीक केले, तेव्हा कुठे ती सापडली.

"बोटं बधिर आहेत तुमची," ती हलकेच म्हणाली.

त्यांनी चमकून पडद्याकडे पाहिलं.

"औषधांनी?"

त्यांनी मान हलवली. "आतड्याचं आहे," ते कुजबुजले. "केमो चालू आहे अजून."

"इथे माहीत नाही कोणाला?"

"कळलं तर सुई कोण हातात देईल, ताई?"

तिने गळ्याखालच्या त्या जागेवर बोट ठेवलं. "मघाशी इथे तुमचं बोट थांबलं. मला वाटलं, काही लागलं."

"छे छे! हाड कुठे संपतं तेच कळेना, म्हणून थांबलो. दुसरं काही नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. हसूच फुटलं तिला. आणि समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्या हसण्याची लाज वाटली.

"मी कोणाला बोलणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आपणहून सांगा. आज ना उद्या. छातीवर सुया लावता तुम्ही, बाबा."

त्यांनी ट्रे उचलला. पडदा सारून ते बाहेर गेले.

ती उठून बसली आणि सदऱ्याची बटणं लावू लागली. गळ्याशी आल्यावर हात थबकला. कळेना म्हणून बोट थांबलं, हे खरं. पण ज्या बोटाला हाड कळत नाही, त्याला दुसरं काही असतं तर ते तरी कुठे कळलं असतं? दुसरं काही नाही, असं ते कशाच्या जोरावर म्हणाले?

तेवढ्यात दर खेपेला प्रश्न विचारून नोंद घेणारी सिस्टर पडदा सारून आत आली.

"काय काकू, झोप कशी?"

"बरी."

"वाफा?"

"कमी आहेत."

"बोटं?"

"जैसे थे."

"बाकी काही नाही ना? लिहू तसं?"

तिने होकारासाठी तोंड उघडलं. मग मान खाली घालून नुकतंच लावलेलं बटण काढू लागली. ते लवकर निघेना.

"सिस्टर, जरा इथे हात लावून बघता?"

"काय होतंय? लागतंय का काही?"

"मला नाही कळत. तुमच्या बोटांनी बघा."

सिस्टरने पेन खिशाला अडकवलं आणि दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले.

"हात गार आहेत हं माझे," ती म्हणाली.