अडीच ते चार हजारांच्या मध्ये

इंजिन कधी खोटं बोलत नाही. पाथर्डी फाट्यावरचा जयराम फिटर हे वाक्य एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. त्या मंगळवारी सकाळी, गाडी गॅरेजला आल्याच्या तिसऱ्या दिवशी, पिवळ्या स्पोर्ट्स कारचं इंजिन त्याच्याशी खोटं सोडा, काहीच बोलत नव्हतं.

"काका, सापडलं का?" फोनवर गाडीचा मालक महेश.

"सापडेल. जरा दम धर."

"शोरूमच्या कॉम्प्युटरमध्ये एरर नाय. मी रील टाकलीय, कॉम्प्युटरला सापडत नाय ते जयरामकाकाला सापडतं. चाळीस हजार व्ह्यूज गेले."

जयरामने चाळीस हजार लोकांचा विचार केला आणि फोन ठेवला. गॅरेजला बोर्ड नव्हता. 'जयरामकडून गाडी तशीच परत येत नाही' एवढंच लोक एकमेकांना सांगत, आणि तेवढ्यावर गाड्या उचलायच्या दोन लिफ्ट चालत होत्या.

महेशचे घरचे मखमलाबादचे. मेथी-पालकाच्या वावरात प्लॉट पडले आणि एका प्लॉटची ही गाडी आली. दोन माणसं बसतात, तिसरं नाराज होतं. अडीच हजार आरपीएमपर्यंत ती शहाण्यासारखी चाले, चार हजारांच्या पुढे सुसाट सुटे. मधे मात्र दम खाई. सरकारी फाईल मधल्या टेबलावर थांबते तशी थांबे, आणि मग कुणी ओळखीचं भेटल्यासारखी एकदम पुढे जाई.

जयरामने प्लग काढून पाहिले, कॉइल अदलाबदल केल्या, पेट्रोलचं प्रेशर मोजलं, होजमध्ये धूर सोडून कुठे हवा गळते का पाहिलं. सगळं ठणठणीत. दुपारी त्याने शेवटचा साधा उपाय केला. इंजिनात किती हवा शिरते ते मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढली आणि गाडी सर्व्हिस रोडवर नेली. वायरीविना, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या अंदाजावर, गाडी लोण्यासारखी पळाली.

म्हणजे इंजिन धडधाकट होतं, त्याला खबर देणारा चुकत होता. सेन्सर हवा कमी सांगे, कॉम्प्युटर त्याच्या शब्दावर पेट्रोल कमी सोडे. गॅरेजवर परतल्यावर त्याने सेन्सर उपसून उजेडात धरला. केसाएवढ्या तारेवर करडा लेप. काजळी नव्हे. त्याने वास घेतला. कापूर.

आवाज मोठा यावा म्हणून महेशने एअर फिल्टरचा कंपनीचा बंद डबा काढून उघडा फिल्टर बसवला होता. त्याच्या तेलकट घड्यांमध्येही तेच करडं भरलेलं. एकतीस वर्षांत जयरामने सेन्सरवर धूळ पाहिली होती, तेल पाहिलं होतं, एकदा पालीची शेपटीही. अंगारा पहिल्यांदाच.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उतरली.

"मी महेशची आई, कलाबाई. गाडीचं झाकण उघडा जरा भाऊ. आज मंगळवार हाय."

बॉनेट उघडंच होतं. तिने कागदाची पुडी सोडली. बॉनेटला बोट लावलं नाही, चाकांकडे पाहिलं नाही, सरळ फिल्टरवर चिमूट सोडली.

"ताई, इथंच का?"

"इथून श्वास घेती ना ती? महेशनंच दावलं हौसेनं. गडावरल्या देवीचा अंगारा हाय. दर मंगळवारी घालते, त्याला म्हाईत नाय."

"गाडी नीट राहावी म्हणून?"

"नाय." कलाबाईने पुडीची घडी घातली. "पळू नाही म्हणून."

जयरामने तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"थोरला हर्षल लासलगावच्या रोडला गेला. कांद्याची ट्रॉली होती फुडं. तिला मागं टाकायला गेला, समोरून ट्रक. आता ह्यानं ही आणली. मी देवीला म्हणलं, दुसरं काय मागत नाय, हिला पळू देऊ नको. आन् दिवाळीपासून म्हणायला लागला, आई, गाडी मधीच दम खाती." तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "ऐकलं तिनं."

देवीने ऐकलं होतं ते सेन्सरच्या तारेतून, पण जयराम तसं बोलला नाही.

"ताई, हे उलट धोक्याचं. ओव्हरटेकच्या मधेच गाडीनं दम खाल्ला म्हणजे?"

"दोनदा झालं तसं. घाबरला. आता ट्रॉलीच्या मागंच राहतो. तासभर उशीर करून येतो, पण येतो." मग ती हळू म्हणाली, "लोक म्हणत्यात तुमच्या हाताला गुण हाय. ह्या गाडीला तेवढा नका देऊ."

रिक्षा गेली. जयराम बाकावर बसून राहिला. समोर क्लीनरचा डबा होता. दोन फवारे, थोडं वाळवणं, दोन स्क्रू. खराब पार्ट पुसल्याशिवाय परत बसवायचा नाही, हे उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्याने एकदाही मोडलं नव्हतं. त्याने सेन्सर होता तसा जागेवर ठेवला, स्क्रू आवळले, वायर जोडली. मग हात धुतले. दोनदा.

पाच वाजता महेश आला.

"झाली?"

"नाही सापडलं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सापडलं. कान गेले माझे आता. वय झालं."

महेशने त्याच्याकडे बघितलं. मोबाईल हातातच होता, पण त्याने तो रील काढायला वर केला नाही.

"काका, चाळीस हजार लोकांना काय सांगू?"

"हेच सांग."

"उगाच तीन दिवस घातले तुमच्यात." चावी घेऊन तो गेला. त्याने खरंच सांगितलं. रीलच्या खाली लोकांनी लिहिलं की जुन्या मेस्त्रींचा जमाना गेला. महिनाभरात एक लिफ्ट रिकामी राहू लागली. चहावाला विचारायचा, "जयरामभाऊ, ती पिवळी खरंच नाय सापडली?"

"नाही सापडली," जयराम म्हणायचा.

दुसऱ्याच महिन्यात महेशने गाडी पुण्याला नेली. तिथल्या पोराने सेन्सरवर क्लीनर मारला आणि उघडा फिल्टर काढून पुन्हा बंद डबा बसवला. वीस मिनिटं लागली.