गोल ओव्हन आणि रुपरावांचे कोहळे

नागपूरजवळच्या बेसातल्या एका घराच्या ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, मी बसलेला असतो. अॅल्युमिनियमचा, गोल, आखूड पायांचा आणि डोक्यावर वाटोळी काच असलेला. नवा माणूस स्वयंपाकघरात आला की मला पाहून हटकून विचारतो, "हा गंज कायचा आहे वं?"

मी गंज, म्हणजे आमच्याकडचे उभट पातेले, नाही. डबा, कुकर यांपैकीही कोणी नाही. मी विजेवर चालणारा ओव्हन आहे, आणि या घरातला एक माणूस आज दोन वेळा पोटभर जेवतो त्यात माझा वाटा मोठा आहे. नम्रता मला घडवणाऱ्याने माझ्यात घातली नव्हती. त्याने कॉइल घातली.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका लहान कारखान्यात झाला. तपासणी करणाऱ्याने मला बोटाने दोनदा ठोकले आणि "चलेगा" म्हटले. माझ्या आयुष्यातले ते पहिले प्रशस्तिपत्र. पुढे मिळालेली बरीचशी याहून त्रोटक होती.

नागपुरात आलो तो बक्षीस म्हणून. हिंगण्याच्या एका कारखान्यात सुरक्षा सप्ताह होता. घोषवाक्यांच्या स्पर्धेत रुपराव नावाच्या कामगाराने 'डोक्यावर टोप, घरी सुखाची झोप' असे लिहून पहिला नंबर पटकावला. परीक्षक कोण होते मला माहीत नाही. साहित्याशी त्यांचे वैर असावे. पण त्या घोषणेमुळे मी मोटरसायकलवर बसून रुपरावांच्या घरी पोहोचलो, म्हणून तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

रुपराव बोलके होते. कंपनीच्या बसमध्ये, पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात, जिथे चार माणसे उभी दिसतील तिथे ते पाचवे होत आणि मग इतर चौघांना बोलायला जागा उरत नसे. बोलता बोलता खिशातून खर्र्याची पन्नी निघायची. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला तो माल चिमटीने डाव्या गालात जायचा आणि भाषण पुढे चालू व्हायचे. टोप घातल्याने डोके वाचते हे त्यांनी सगळ्या कारखान्याला पटवले. गालाला टोप नसतो.

त्यांची बायको गोपिकाबाई. माझे खरे दिवस तिच्या हातात गेले. दिवाळीची नानकटाई, मिनल नावाच्या लेकीच्या वाढदिवसाचा केक, पाहुण्यांसाठी बिस्किटे. माझ्या काचेतून आत डोकावायला गल्लीतली पोरे रांग लावत. मी तेव्हा त्या गल्लीतला एकमेव ओव्हन होतो आणि हे मला कोणी विसरू दिले नाही. मीही विसरलो नाही.

मग त्यांनी बेसात घर बांधले आणि वास्तूला कोणीतरी मायक्रोवेव्ह दिला. तो पांढरा, चौकोनी, आणि काम संपले की शिट्टी देणारा. एवढेसे पाणी गरम केले तरी शिट्टी. अशा स्वभावाची मंडळी लवकर वर चढतात. या घरात मात्र वर मी गेलो, माळ्यावर. तिथे माझ्या पोटात मागच्या दिवाळीच्या पणत्या, एक बिघडलेला एक्स्टेंशन बोर्ड आणि काही काळ एक पाल राहत होती. पाल स्वतःहून निघून गेली. पणत्यांना ते जमले नाही.

रुपरावांच्या दुखण्याचे मला माळ्यावरच कळले. घरातला आवाज कमी झाला. आधी ते जेवताना "तिखट लागून राहिलं" म्हणू लागले. जो माणूस जहाल सावजी रस्सा पिऊन नाक पुसत "फिक्का आहे" असे म्हणायचा, त्याला वरण झोंबू लागले. मग दवाखाना झाला, ऑपरेशन झाले. गालातली कॅन्सरची गाठ काढली, जबड्याचा तुकडा काढला, नंतर रेडिएशनचे शेक दिले. घरी आले ते नाकात नळी घेऊन. त्या नळीतूनच सगळे अन्न जायचे.

नळी निघाली तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितले होते: तोंडाने खा, वजन वाढवा, पुढच्या तपासणीला काटा खाली दिसला तर नळी पुन्हा घालावी लागेल.

रुपराव खाईनात. खिचडी मिक्सरमधून काढली, वरण मिक्सरमधून काढले, पोळी दुधात भिजवून तीही मिक्सरमधून काढली. सगळ्या वाट्यांचा रंग एकच, राखाडी. मिक्सर त्या दिवसांत फार मिजाशीत होता.

"दोन चमचे तं घ्या वो," गोपिकाबाई म्हणायची.

रुपराव वाटी सरकवून भिंतीकडे तोंड फिरवायचे. बोलायला गेले तर शब्द अर्धे ओले होऊन बाहेर येत, म्हणून बोलणेही त्यांनी सोडले होते. आयुष्यभर इतरांना बोलू न देणारा माणूस गप्प झाला की घर कसे होते ते मी माळ्यावरून ऐकले आहे. ऐकण्यासारखे नव्हते.

एक दिवस मिनलने मोबाइल आईपुढे धरला. आता ती एका प्रयोगशाळेत नोकरी करत होती.

"आई, हे पाह्य. कोहळ्याचे पातळ काप, मधल्या थरात पालक, वरून दुधाचा दाट सॉस आन् चीज. ग्रॅटिन म्हणते याले. तिखट नाही, चावायचं काम नाही, अन् दूध, लोणी सगळं पोटात जाते. दवाखान्यातल्या बाईनं हेच तं सांगतलं होतं."

"कोहळ्यात चीज?" गोपिकाबाई म्हणाली. "तुह्या आजीनं पाह्यलं असतं तं दोघींले घराबाहेर केलं असतं."

"आजीनं मिक्सरमधली पोळी पाह्यली असती तं काय केलं असतं?"

गोपिकाबाईने मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. पण हे मायक्रोवेव्हात आळत नाही, संथ कोरडी आच लागते, असे मिनल म्हणाली आणि स्टूल घेऊन माळ्याकडे आली. मला खाली उतरवले, पणत्या काढल्या, नवी वायर बसवून आणली. बटण दाबल्यावर माझी कॉइल पहिल्या दमात लाल झाली. इतक्या वर्षांच्या सक्तीच्या रजेनंतर.

आता आड आले कोहळे. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळे म्हणतात. उमरेडजवळून गोपिकाबाईच्या भावाने पाठवलेले एक आख्खे कोहळे दिवाणाखाली पडून होते. मिनलने ते ओट्यावर आणून सुरा उचलला.

"ठेव तो," गोपिकाबाई म्हणाली. "आख्ख्या कोहळ्याले बाईनं पयला सुरा नाही लावत. माणसानं लावला का मग आपण कापायचं."

"काहून?"

"नाही लावत म्हणजे नाही लावत."

"मग मी बाजारातून फोड आणते."

"घरात आख्खं असताना? अन् हे पाह्य मिनल, बाबा असे पडून असताना मले काही उलटं करायचं नाही आहे."

मिनल एम.एस्सी. आहे. तिने सुरा ठेवला. घरात माणूस आजारी असला की विज्ञानही जरा खालच्या आवाजात बोलते.

घरात पुरुष एकच, आणि तो भिंतीकडे तोंड करून निजलेला. त्याला कोहळ्यासाठी उठवायची हिंमत दोघींत नव्हती. म्हणून शेजारच्या भैय्याजींना हाक गेली. भैय्याजी म्हणजे रुपरावांचे कारखान्यातल्या पाळीतले जुने सोबती.

"आना वहिनी सुरा," ते आत येत म्हणाले. "माणूस पायजे होता ना, हा घ्या माणूस."

"काका, आधी खिशातली पन्नी बाहेर ठेवून या," मिनल म्हणाली.

"कोणती पन्नी?"

"वास येऊन राहिला."

भैय्याजी बाहेर गेले, चपलेपाशी खुडबुड करून परत आले आणि कोहळ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ त्यांनी ते फिरवून पाहिले. "उभं कापू का आडवं? लय टणक आहे बाप्पा. रुपराव असता तं एका घावात केलं असतं."

"असता म्हणजे?" गोपिकाबाईचा आवाज चढला. "आत आहेत ते."

"तसं नाही वहिनी..."

"मग कसं?"

आतल्या खोलीत पलंग करकरला. भिंतीला हात लावत रुपराव आले. बनियन खांद्यावरून ओघळलेले, तोंडावर रुमाल. त्यांनी भैय्याजींच्या हातातला सुरा काढून घेतला.

"हट," ते म्हणाले. कित्येक दिवसांतला तो पहिला शब्द, आणि तो सगळ्यांना स्वच्छ कळला.

सुरा घुसला, पण अर्ध्यावर अडकला. रुपरावांनी दोन्ही हातांनी रेटला. तो हलेना. भैय्याजींनी मदतीला हात पुढे केला तेव्हा गोपिकाबाईने त्यांच्याकडे असे पाहिले की तो हात परत खिशात गेला. मग रुपरावांनी सुऱ्यासकट कोहळे उचलले आणि ओट्यावर दणकन आपटले. त्याची दोन भकले झाली. माझे झाकण खणखणले. ती मी वाजवलेली टाळी होती, असे माझे म्हणणे आहे.

उठून आलेच होते, तर रुपराव धापा टाकत तिथेच खुर्चीवर बसले. परत जायला ताकद नव्हती, म्हणून पुढचा सगळा स्वयंपाक त्यांना पाहावा लागला. मिनलने काप वाफवले, पालक आणि चवळाई लोण्यावर परतून पाणी आटवले. कणीक, म्हणजे गव्हाचे पीठ, लोण्यात भाजून दूध ओतले, जायफळ किसले. मग थर: काप, भाजी, सॉस, पुन्हा काप. वर चीज. झाकण लागले, आणि पुढचे काम माझे. दूध फुटू दिले नाही, तळ करपू दिला नाही. कोहळ्याचा गोडवा भाजीच्या तुरटपणात हळूहळू उतरवला. हे सगळे शिट्टी न वाजवता.

झाकण उघडल्यावर मिनलचे तोंड उतरले. "फोटोत वरून खरपूस आहे. हे पिवळंच राह्यलं."

माझी आच खालून आहे. वर खरपूस करणे हा माझा विषय नाही.

"खरपूस चावन कोण इथं?" गोपिकाबाई म्हणाली. "मऊ आहे तेच बरं आहे."

पहिला चमचा रुपरावांनी उजव्या गालात धरून ठेवला. तिघेही त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. घोट खाली उतरला. त्यांनी दुसरा चमचा स्वतःच घेतला.

"कसं लागते गा?" भैय्याजींनी विचारले.

रुपरावांनी हात हलवून 'ठीक' अशी खूण केली. सावजी रश्श्याला फिक्का म्हणणाऱ्या माणसाकडून 'ठीक'. वाटी त्यांनी सरकवली नाही, पुसून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मिनल कामावर गेली की गोपिकाबाई मला लावू लागली. थर मात्र रुपराव लावत, कारण तिचे काप वाकडे पडतात असे त्यांचे मत होते. ते खुणेने सांगत. ती "मले शिकवू नका" म्हणून मोठ्याने सांगे. त्यांना वाढून ती दारात उभी राहायची, शेवटचा चमचा गळ्याखाली उतरेपर्यंत. मग ओट्यापाशी उभ्या उभ्या सकाळची भाकर चटणीशी खायची. ग्रॅटिनला तिने कधी हात लावला नाही. ते त्यांच्या वजनासाठी होते.

तपासणीच्या दिवशी दोघे रिक्षाने गेले. घरात मी, मिक्सर आणि मायक्रोवेव्ह. आमच्यात बोलणे नव्हतेच, त्या दिवशी तर नाहीच.

दुपारी दार उघडले. पाठोपाठ भैय्याजींचा आवाज आला. "का झालं वहिनी?"

"वाढलं वजन. थोडंच वाढलं, पण वाढलं. नळी नाही म्हणे."

"मग आता?"

"मग काय. सैपाक करतो."

बाहेरची साडी न बदलता तिने पालक निवडला. रुपरावांनी थर लावले. मी माझे काम केले. पण वाढताना तिने एक ताटली काढली आणि मग आणखी एक काढली. रुपरावांच्या समोरची खुर्ची ओढून ती बसली आणि पहिला घास घेतला. घास तोंडातच राहिला.

"अवो, यात तं मीठच नाही."

"रोजच नसते," रुपराव म्हणाले. शब्द ओला होता, पण कळला.

"अन् मग सांगतलं काहून नाही मले?"

त्यांनी आधी एक चमचा खाल्ला. मग म्हणाले, "तू खाऊन काहून नाही पाह्यलं?"

गोपिकाबाई उठली. मिठाचा डबा आणला, दोघांच्या ताटल्यांवर चिमटी सोडली आणि पुन्हा बसली.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही माळ्यावर माझ्या जातीचा कोणी असेल, पणत्या सांभाळत असेल, तर त्याला खाली उतरवा. आच आम्ही नीट देतो, तळ करपू देत नाही. मीठ तेवढे तुम्ही सोबत बसून चाखा. ते आमच्या खात्यात येत नाही.