वाट अडवलेला बंब

मी एक जुना आगीचा बंब आहे. पालिकेच्या मागच्या आवारात, चाकं काढून विटांवर उभा केलेला. मित्रांनो, माझा लाल रंग उडालाय, पण आठवण शाबूत आहे.

मी नवा आलो तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं होतं. माझ्या चालकाला सारे मामा म्हणत. पाण्याची नळी धरायला नळीवाला असे. दोघे वेगळ्या धर्मांचे, पण वीस वर्षं एकाच डब्यातून जेवले. धान्याचं कोठार आम्ही वाचवलं, तेव्हा लोकांनी माझ्या अंगावरची काजळी आपल्या हातांनी पुसली होती.

पुढे पुढाऱ्यांनी गावात अशी काही तेढ निर्माण केली, की बाजारही दोन झाले. त्यात माझी टाकी गळू लागली. मामांनी दुरुस्तीसाठी अर्ज केले; ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले.

एका दुपारी शिंपी आळी पेटली. ती नळीवाल्याच्या लोकांची वस्ती. वाटेत मामांच्याच लोकांनी आम्हाला अडवलं. नळीवाल्याला खाली उतरवा आणि मामा, तुम्ही घरी जा, असं त्यांचं म्हणणं. पोलीस होते, पण वरून हुकूम नाही म्हणून कोपऱ्यात उभे होते. मामांनी नळीवाल्याचा हात घट्ट धरून ठेवला. माझ्या टाकीतलं पाणी मात्र रस्त्यावर वाहून चाललं होतं.

तेवढ्यात म्हातारी सुईण गर्दीतून पुढे आली. सर्वांत पुढे उभ्या असलेल्या धटिंगणाला ती म्हणाली, "तुला मी या हातांनी जगात आणलं. त्या आळीत आत्ता एक बाळंतीण अडकली आहे. बाजूला हो."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पण तो बाजूला झाला.

बाळ-बाळंतीण वाचली. मग टाकी संपली. अकरा घरं आमच्या डोळ्यांदेखत जळाली. त्यातलं एक नळीवाल्याच्या बहिणीचं. कोरडी नळी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

चौकशी समिती आली, चहा पिऊन गेली. मग पालिकेनं तोडगा काढला. दोन नवे बंब, दोन बाजूंना एकेक. मामा इकडे, नळीवाला तिकडे.

जाताना नळीवाल्यानं विचारलं, "मामा, आमच्याकडे आग लागली तर याल ना?"

"मी येईन रे," मामा म्हणाले. "मला येऊ देतील का?"

मित्रांनो, तुमच्या गावचा बंब नादुरुस्त असेल, तर गप्प बसू नका. आणि तो धावत येताना दिसला की आधी वाट द्या. कुणाचं घर पेटलंय, हे विचारत बसलात तर तेवढ्यात ते जळून जातं.